डाईव्ह कॉम्प्युटर बदलताय? मग शेळ्यांना लोखंडी टाकीत कोंडणाऱ्या या डॉक्टरची गोष्ट आधी वाचा

प्रत्येक ग्रुपमध्ये स्कुबाचं वेड लागलेला एक जण असतोच. आधी तारकर्लीला हौसेनं डुबकी मारतो, मग कोर्स करतो, मग अंदमानची तिकीटं काढतो. आणि ऐन ट्रिपच्या तोंडावर त्याच्या मनगटावरचा डाईव्ह कॉम्प्युटर मान टाकतो.

आता नवीन कुठला घ्यायचा? दुकानात रंगीत स्क्रीन दाखवतात, ब्लूटूथ दाखवतात. पण त्या डबीत जे गणित चालतं त्याचं मूळ 1908 सालात आहे. ते मांडणाऱ्या माणसाचं नाव जॉन स्कॉट हाल्डेन.

हाल्डेन यांचा जन्म 1860 चा, एडिनबर्गचा. घराणं बडं. भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचा युद्धमंत्री झाला. जॉन मात्र डॉक्टर होऊनही दवाखान्यात रमले नाहीत. त्यांना नाद होता हवेचा. माणूस जी हवा ओढतो तिच्यात नेमकं काय असतं, हे शोधायला ते गरिबांच्या कोंदट खोल्यांत शिरले, गटारांत उतरले, खाणीत स्फोट झाला की तिथेही गेले.

1896 मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट झाला. हाल्डेन यांनी मृतदेह तपासले आणि सांगितलं की बहुतेक कामगार स्फोटानं नाही, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साईडनं गेले. हा वायू काय करतो हे त्यांनी आधीच स्वतः ओढून बघितलं होतं, तेही पाय लटपटेपर्यंत. खाणीत उंदीर किंवा छोटे पक्षी न्या, माणसाच्या आधी ते कोसळतील, हा सल्लाही त्यांचाच. खाणीतली ती प्रसिद्ध कॅनरी इथून आली आणि ब्रिटनमध्ये थेट 1986 पर्यंत टिकली.

आता मुद्द्याचं.

त्या काळात पाणबुडे खोलवरून वर यायचे आणि सांधे धरून कळवळायचे. कुणाला लकवा मारायचा, कुणी मरायचं. कारण माहीत होतं. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो. झटकन वर आलात की सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखे बुडबुडे होतात, फक्त बाटलीच्या जागी तुमचं रक्त असतं. सावकाश वर या, एवढाच उपाय सांगितला जायचा. पण सावकाश म्हणजे किती, ते कुणालाच नेमकं सांगता येत नव्हतं.

ब्रिटिश नौदलानं हे काम हाल्डेन यांच्याकडे दिलं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये एक मोठी लोखंडी टाकी होती. तिच्यात दाब वाढवून त्यांनी शेळ्या सोडल्या. शेळ्याच का? उंदरापेक्षा शेळीचं शरीर माणसाच्या जवळचं, आणि दुखलं की ती लपवत नाही. सरळ पुढचा पाय उचलून उभी राहते.

एक गोष्ट हाल्डेन यांनी हेरली होती. 10 मीटरवरून, म्हणजे दोन वातावरणांच्या दाबातून, थेट वर आलेल्या माणसाला काही होत नाही. म्हणजे दाब निम्मा झालेला शरीराला चालतो. मग चारावरून दोनावर, म्हणजे 30 मीटरवरून 10 मीटरवर, यायलाही हरकत नसावी. तिथे थांबायचं, नायट्रोजन निघू द्यायचा, मग पुढचा टप्पा. (आजचे डायव्हर इतकी लांब उडी घेत नाहीत, तुम्हीही घेऊ नका.)

दुसरी गोष्ट आणखी भारी. सगळं शरीर एका वेगानं भरत नाही. रक्त खेळतं तिथे नायट्रोजन पटकन शिरतो, चरबीत हळू. म्हणून त्यांनी कागदावर शरीराचे पाच कप्पे केले, 5, 10, 20, 40 आणि 75 मिनिटांत निम्मे भरणारे. 1906 मध्ये स्कॉटलंडच्या समुद्रात माणसांवर चाचणी झाली आणि लेफ्टनंट डॅमंट व कॅटो 210 फुटांपर्यंत जाऊन सुखरूप वर आले. हाल्डेन यांचा 13 वर्षांचा मुलगा जॅकही एकदा उतरला. सूट मोठ्या माणसाचा, त्यामुळे आत पाणी शिरत होतं. बाप म्हणून हा प्रकार आज कुणाला पटणार नाही.

1908 मध्ये बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासोबत त्यांनी कोष्टकं छापली. पुढे झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमान यांनी पाचाचे सोळा कप्पे केले, आणि आज बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये तेच असतात.

म्हणून नवीन घेताना पहिला प्रश्न अल्गोरिदमचा. ब्यूलमानचं गणित उघड छापलेलं आहे आणि ग्रेडियंट फॅक्टर बदलून ते जास्त सावध करता येतं. काही कंपन्या स्वतःचं गणित वापरतात. तेही चालतं, पण बडीच्या आणि तुमच्या आकड्यात फरक पडला तर जो आधी वर यायला सांगतो त्याचं ऐका. बॅटरी घरी बदलता येते का बघा, आणि गढूळ पाण्यात आकडे वाचता येतील एवढे मोठे हवेत. बाकी चैन.

आणि एक चूक जिवावर बेतू शकते. सकाळी एका कॉम्प्युटरवर डाईव्ह करून दुपारी दुसरा बांधणं. नव्या डबीला तुमचे कप्पे रिकामे वाटतात. सकाळचा नायट्रोजन मात्र तुमच्या अंगातच असतो.

हाल्डेन पुढेही थांबले नाहीत. 1915 मध्ये जर्मनांनी ईप्रला विषारी वायू सोडला तेव्हा तो क्लोरिन आहे हे ओळखायला ते फ्रान्सला गेले आणि मास्कच्या कामाला लागले. पंचाहत्तरीत उष्माघाताचा अभ्यास करायला इराण-इराकच्या तेल कारखान्यांत फिरले. तिथून परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि मार्च 1936 मध्ये ऑक्सफर्डला ते गेले.

गळक्या सूटमधला तो जॅक म्हणजे प्रसिद्ध शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. तो 1957 मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला.