हाफकिन : पहिली सुई स्वतःला

मुंबईत १८९६ साली प्लेगने थैमान घातले, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत वाल्देमार हाफकिन लस तयार करू लागले. ओडेसात १८६० मध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, पण धोका टळला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली, उरलेल्यांना नाही. मग दोन्ही गटांत किती आजारी पडले, किती दगावले, याची मोजदाद झाली. लस घेतलेल्यांत प्रमाण बरेच कमी निघाले. औषधाची चाचणी म्हणजे मुळात हीच तुलना. अर्थात, गजाआडच्या माणसाची संमती कितपत मोकळी, हा आजचा आक्षेप रास्तच आहे.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दूषित होती ती एकच बाटली. ठपका मात्र हाफकिन यांच्यावर आला आणि पद गेले. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. पण मुंबईतील जागा परत मिळाली नाही, कलकत्त्यास जावे लागले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. पाच वर्षांनी लोझान येथे त्यांचे निधन झाले.