गुरुवर्य कृष्णराव केळुस्कर : शिष्याला दान देणारे शिक्षक

प्राचीन चीनमध्ये शिष्य गुरूकडे पहिल्यांदा जाताना सुकवलेल्या मांसाची जुडी भेट म्हणून नेत असे. आपल्याकडे गुरुदक्षिणेची गोष्ट निघाली की एकलव्याचा कापलेला अंगठा आठवतो. दोन्हीकडे देणारा शिष्य आणि घेणारा गुरू. महाराष्ट्रात मात्र एका शिक्षकाने ही रीत उलटी केली. ते म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुस्कर.

२० ऑगस्ट १८६० रोजी वेंगुर्ल्याजवळील केळूस या गावी त्यांचा जन्म झाला. पुढे मुंबईत ते विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. त्याच बागेत एक मुलगा रोज पुस्तकात डोके खुपसून बसलेला त्यांना दिसे. त्यांनी आपणहून चौकशी केली. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते, म्हणजे केळुस्करांच्या शाळेचे विद्यार्थी नव्हते. केळुस्कर अस्पृश्य समाजातले नव्हते. तरीही ते या मुलाला पुस्तके देऊ लागले, वाचनाला दिशा देऊ लागले.

केळुस्करांनी १८९८ मध्ये मराठीत गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले होते. भीमरावांच्या परीक्षेतील यशाबद्दल समाजाने सभा भरवली, तेव्हा त्यांनी हेच पुस्तक त्यांना भेट दिले. पुढे इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली. केळुस्कर त्यांना सयाजीराव गायकवाड महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले.

केळुस्करांनी छत्रपती शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र लिहिले, तुकाराम महाराजांचेही लिहिले. १४ ऑक्टोबर १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. बरोबर २२ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी दादा केळुस्करांच्या त्या भेटीची कृतज्ञतेने नोंद केली. बुद्धाची पहिली ओळख त्या पुस्तकाने करून दिली, हे ते विसरले नव्हते. केळुस्करांना मिळालेली गुरुदक्षिणा हीच. ती पाहायला ते हयात नव्हते.

जुईनगरपासून गावखेड्यापर्यंत आपल्या वस्त्यांत दरवर्षी दहावी-बारावीच्या मुलांचे गुणगौरव सोहळे होतात. शाल, श्रीफळ, ट्रॉफी दिली जाते, फोटो निघतात. ट्रॉफी कपाटात धूळ खाते. त्याऐवजी प्रत्येक मुलाच्या हाती बुद्धाचे चरित्र द्यावे आणि फी भरण्याची ऐपत नसलेल्या एका मुलाची तरी जबाबदारी विहाराने घ्यावी. शिक्षकाचा सन्मान करायचा तर केळुस्करांसारखा करावा. एका पुस्तकाने काय घडू शकते, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

नमो बुद्धाय, जय भीम!