रॉचडेलची ग्रेसी

सहकाराच्या धड्यात रॉचडेल हे नाव आपण सर्वांनी घोकलेले आहे. १८४४ साली तेथील गरीब कामगारांनी स्वतःचे दुकान काढले. दोन गुणांचा हमखास प्रश्न! पण त्याच गावात ९ जानेवारी १८९८ रोजी ग्रेस स्टॅन्सफील्ड नावाची मुलगी जन्मली आणि पुढे ग्रेसी फील्ड्स या नावाने इंग्लंडची लाडकी नटी झाली, हे मात्र कोणत्याच गाइडात नाही.

तिचा जन्म आजीच्या तळलेल्या मासळीच्या दुकानावरच्या खोलीत झाला. जाणती होण्याआधीच ती कापडगिरणीत जाऊ लागली. अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा, असा तिथला तेव्हाचा रिवाज होता. माझी आई इचलकरंजीत कांड्या भरते, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून हे वाचताना मी थबकले. नटी म्हणजे बंगला आणि मोटार, एवढीच माझी समजूत होती.

गिरणी सुटली ती गाण्यामुळे. गावोगावच्या रंगभूमीवर गाणी म्हणत, नकला करत ती लंडनला पोहोचली. १९३१ मध्ये पहिला बोलपट आला. १९३४ च्या 'सिंग ॲज वुई गो' मध्ये तिने गिरणी बंद पडून बेकार झालेल्या मुलीचे काम केले. दिवस मंदीचे होते. आपल्या गावची बोली तिने सोडली नाही, म्हणून लोकांना ती आपल्यातलीच वाटे.

१९३९ मध्ये तिला कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली तेव्हा वर्तमानपत्रे तिच्या प्रकृतीच्या बातम्या देत होती आणि चाहत्यांच्या पत्रांचा ढीग पडत होता. महायुद्ध सुरू झाले. अंगात पुरती ताकद आली नव्हती, तरी त्याच हिवाळ्यात ती फ्रान्समध्ये जाऊन ब्रिटिश सैनिकांपुढे गायली. वर्तमानपत्रांना ही ग्रेसी फार आवडली.

मार्च १९४० मध्ये तिने अमेरिकेत दुसरे लग्न केले. नवरा माँटी बँक्स हा विनोदी नट व दिग्दर्शक, जन्माने इटालियन. १० जून रोजी इटलीने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले आणि इंग्लंडात इटालियन माणसांची धरपकड सुरू झाली. नवऱ्यासह ती कॅनडाला गेली. झाले! कालपर्यंत जी देशाची लेक होती ती एकाएकी पळपुटी ठरली. पैसा आणि दागिने घेऊन पळाली, असे छापून आले. पार्लमेंटातही प्रश्न विचारले गेले. वास्तविक ती कॅनडाभर गाण्याचे कार्यक्रम करून युद्धकार्यासाठी निधी जमवत होती, आणि तो निधी थोडाथोडका नव्हता.

तिचे काहीच चुकले नाही असे मी म्हणणार नाही. मुसोलिनी कोणाचा मित्र आहे हे लग्नाच्या वेळी साऱ्या जगाला ठाऊक होते. शिवाय ज्या बाईचा मुलगा आघाडीवर आहे, जिच्या घरावर बाँब पडतो आहे, तिला आपली आवडती नटी समुद्रापलीकडे सुखरूप असल्याचे वाचून वाईट वाटणारच. पण इटली युद्धात उतरण्याआधी तीन महिने हे लग्न झाले होते, एवढा साधा हिशेब तरी त्या संपादकांनी करायला हवा होता!

गेल्या वर्षी मी वसतिगृहात राहायला आले तेव्हा पोरगी पळाली अशी आवई आमच्या गल्लीत उठली होती. आईने आठ दिवस कोणाकोणाला काय सांगितले असेल, ते तिचे तिलाच ठाऊक. आवई खोटी ठरली, पण तसे सांगायला दारात कोणी आले नाही.

ग्रेसीने मात्र स्वतःच येऊन दाखवले. १९४१ च्या उन्हाळ्यात पाणबुड्यांच्या भीतीने भरलेला अटलांटिक ओलांडून ती इंग्लंडला परतली. कारखान्यांत, लष्करी छावण्यांत गायली. आपल्याला हूट करतील ही धास्ती तिला नसेल का? पण मजूर बायका तिच्याबरोबर गाऊ लागल्या. युद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, ती पॅसिफिकमधील सैनिकांपुढेही गायली. तरीही युद्धात पळालेली हा शिक्का काहींच्या मनातून गेलाच नाही.

१९५० मध्ये माँटी वारला. पुढे तिने पुन्हा लग्न केले आणि इटलीतल्या काप्री बेटावर राहिली. १९७८ मध्ये रॉचडेलने तिच्या नावाचे नाट्यगृह बांधले, त्याच्या उद्घाटनाला ती ऐंशीव्या वर्षी गेली. पुढच्याच वर्षी, २७ सप्टेंबर १९७९ रोजी, काप्रीला तिचे निधन झाले आणि तिथेच तिला पुरले. रॉचडेलच्या नगरभवनासमोर तिचा पुतळा उभा राहिला तो २०१६ साली.