पंडिता रमाबाई आणि बुद्धीची परीक्षा

वार्षिक परीक्षेचे निकाल लागले की घरोघर एक न्यायसभा भरते. थोरला हुशार, मधला बेताचा आणि धाकटा तर निव्वळ ढ, असे निवाडे तेथे घटकाभरात होऊन जातात. आणि ज्याच्याविषयी ते होतात तो मुलगा दाराआड उभा राहून ते ऐकत असतो. (बिचाऱ्या ढ अक्षराची ही अपकीर्ती का झाली, याविषयी असे सांगतात की, अशोकाच्या शिलालेखांपासून आजच्या बाळबोध लिपीपर्यंत बाकीच्या अक्षरांची वळणे पालटली, पण ढ मात्र होता तसाच राहिला!) मुलाचा निवाडा लवकर होतो, मुलीचा त्याहूनही लवकर. तिचे नाव शाळेतून काढावयाचे असले म्हणजे तिचे डोके अभ्यासात चालत नाही, हे कारण हाताशी तयारच असते. अशा वेळी आम्हांस आठवण होते ती आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगाव येथे, आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे घालविलेल्या पंडिता रमाबाईंची. शिक्रापुराहून तळेगाव ढमढेरे व न्हावरे या वाटेने निघून भीमा ओलांडली की चौफुल्याजवळच केडगाव लागते. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी ते स्टेशन पाहिलेही असेल. बाईंच्या बुद्धीची परीक्षा जितक्या लोकांनी, जितक्या निरनिराळ्या मापांनी केली, तितकी क्वचितच कोणाची झाली असेल. म्हणून त्यांचे चरित्र आज ह्या एकाच बाजूने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कथेचा आरंभ बाईंच्या जन्मापूर्वीच होतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे मंगळूरकडील माळहेरंबी गावचे चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांजपाशी अध्ययन करीत होते. हे साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकविण्यास वाड्यात जात. एक स्त्री शुद्ध संस्कृत श्लोक म्हणते, हे ऐकून अनंतशास्त्र्यांस मोठे नवल वाटले. स्त्रियांस ही विद्या येणे शक्य नाही असे सारे जग म्हणत होते आणि जे शक्य नाही तेच कानांवर पडत होते. घरी गेल्यावर आपल्या पत्नीस शिकवावे असा त्यांनी निश्चय केला. परंतु घरच्या वडीलधाऱ्यांच्या विरोधामुळे तो तेव्हा तडीस गेला नाही. ती पत्नी वारल्यावर त्यांनी दुसरे लग्न केले. ह्या लक्ष्मीबाई त्या वेळी अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांस मात्र शास्त्रीबुवांनी नेटाने शिकविले. गावात गवगवा झाला, उडुपीच्या धर्मपीठासमोर जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी ग्रंथांचे आधार काढून दाखविले आणि पुढे ते सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात आश्रम करून राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

रमा शिकण्याजोगी झाली तेव्हा वडील वृद्ध झाले होते, म्हणून तिला शिकविले ते आईने. सर्व कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत पायी फिरत असे. दिवसा आईस कामातून सवड नसे, यास्तव पहाटे झोपेतल्या मुलीस उचलून घ्यावयाचे, लाडीगोडीने जागे करावयाचे आणि पक्ष्यांची किलबिल सुरू होण्याच्या सुमारास पाठ द्यावयाचा, असा क्रम होता. पुस्तक समोर नसे. आईने म्हणावे आणि मुलीने मागून म्हणावे. भागवताचे अठरा हजार श्लोक अशा रीतीने तिच्या जिभेवर बसले. येथे आमच्या विद्यार्थ्यांनी थोडे थांबून विचार करावा. पुढे ज्या स्मरणशक्तीचा देशभर डंका वाजला ती उपजत किती आणि वर्षानुवर्षांच्या पहाटेची किती, याचा हिशेब कोण देऊ शकेल? लक्ष्मीबाईंच्या बुद्धीची परीक्षा घेण्यास कोणतीही सभा कधी भरली नाही. परंतु सभेने जे पाहिले त्यात निम्म्याहून अधिक त्यांचे होते, असे आमचे मत आहे.

मग दुष्काळ आला. १८७४ ते १८७७ च्या दरम्यान वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवासशास्त्री आणि रमा, उपाशीतापाशी शेकडो कोस चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीस संस्कृतात प्रश्न विचारले. तिने संस्कृतात उत्तरे दिली. सभा थक्क झाली, आणि तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या मिळाल्या.

ह्या कौतुकाच्या पोटात काय होते तेही पाहिले पाहिजे. तेवढेच श्लोक एखाद्या पुरुष शास्त्र्याने म्हटले असते तर कोणी मान वर करून पाहिलेही नसते. पंडित थक्क झाले ते तिच्या बुद्धीने जितके, तितकेच ती स्त्रीच्या ठायी सापडली म्हणून. आणि मौज अशी की, खुद्द सरस्वतीचे स्वतःविषयी मत काय होते? केशवचंद्र सेन यांनी त्यांस वेद वाचले आहेत काय असे विचारले, तेव्हा स्त्रीस तो अधिकार नाही, असे उत्तर त्यांनी दिले. ज्या बापाने पत्नीस शिकविण्यापायी रान पत्करले, त्याच्याही घरात वेदांचे दार मुलींस बंद होते. आणि ते बंद असणे योग्यच आहे असे मुलीसही वाटत होते. केशवचंद्रांनी वेदाची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली व वाचण्याचा आग्रह केला. पुढे व्याख्यानांसाठी धर्मशास्त्रे चाळताना बाईंच्या ध्यानात आले की, इतर बाबतींत एकमेकांशी भांडणारे हे ग्रंथ स्त्रीजातीस कमी लेखण्यात मात्र एकमताचे आहेत. आपली लायकी आपण स्वतः कधी तपासलीच नाही, दुसऱ्याने लिहून ठेवलेली मान्य केली, हे त्यांस त्या दिवसांत उमगू लागले. आमच्या मते पदवीपेक्षा कलकत्त्याचा हा लाभ मोठा.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ त मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. कडेवर मूल घेऊन बाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाज निघाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. मुलींस शिकविण्यास स्त्री-शिक्षिका हव्यात, शाळा तपासण्यासही स्त्रियाच हव्यात, स्त्रियांस वैद्यकी शिकू द्यावी, असे त्यांनी सांगितले. आणि सुशिक्षित म्हणविणारे पुरुषसुद्धा बायकांच्या राईएवढ्या दोषाचा पर्वत करितात, हे सांगण्यासही त्या कचरल्या नाहीत.

१८८३ साली त्या वैद्यकी शिकण्याच्या उद्देशाने विलायतेस गेल्या. तेथे वॉंटेज येथे त्यांनी व मनोरमेने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत गेले आणि डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. कलकत्त्याची सरस्वती आता वर्गात बसून व्याख्यान ऐकू शकत नव्हती! भाषा परकी, कान अधू. ज्याला त्यांची पूर्वकथा ठाऊक नसेल त्याने त्यांस मंदच म्हटले असते. चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी तसे म्हटले नाही. त्यांनी बाईंस गणित व शास्त्रे शिकण्याची सोय करून दिली आणि संस्कृत शिकविण्याचे कामही दिले. पुढे पुरुष विद्यार्थ्यांसही बाईंनी शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. उडुपीस जाब मागणारे हिंदू धर्माधिकारी होते. ही हरकत घेणारे आमच्या ख्रिस्ती मंडळातले होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करितो. बाईंस हा प्रकार मुळीच रुचला नाही आणि त्यांनी तसे स्पष्टपणे लिहून कळविले.

१८८६ च्या मार्चात आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी बाई अमेरिकेस गेल्या आणि तेथे दोन वर्षांहून अधिक राहिल्या. विधवांच्या शाळेसाठी त्यांनी पैसा मिळविला, एक प्रसिद्ध इंग्रजी पुस्तकही लिहिले. परंतु आमच्या विषयास लागू अशी गोष्ट निराळीच आहे. अठरा हजार श्लोक मुखोद्गत असलेली ही विदुषी तेथे लहान मुलांच्या वर्गात जाऊन बसली आणि फ्रोबेलची बालोद्यान-पद्धती शिकली. त्या पद्धतीत मुलाच्या हाती चेंडू द्यावयाचा, ठोकळे द्यावयाचे, माती द्यावयाची, आणि त्याच्या हातून काय होते ते पाहावयाचे. पाठांतराच्या जोरावर स्वतः सरस्वती झालेल्या स्त्रीस पाठांतरावाचूनही बुद्धी असू शकते हे पटावे, हे आम्हांस त्यांच्या सर्व पदव्यांहून विशेष वाटते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींत वीस वर्षे उलटलेली गोदूबाई ही एक बालविधवा होती. शिकावयाचे वय गेले, हा तिच्याविषयी जगाचा निकाल. हीच पुढे महर्षी अण्णासाहेब कर्वे यांची पत्नी आनंदीबाई झाली, आणि कर्व्यांच्या संस्थेसाठी वर्गणी गोळा करीत परदेशापर्यंत जाऊन आली. सदनावर धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ त मोठे वादळ उठले. कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्यप्रांतात स्वतः गेल्या व उपासमारीने मरणाऱ्या शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगाचा बंदोबस्त. इतक्या मुली शहरात ठेवण्यास परवानगी मिळेना. म्हणून केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीत झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्ती सदन अस्तित्वात आले. १९०० साली गुजराताकडे दुष्काळ पडला, आणि वस्ती दीड हजारांच्या घरात गेली.

ह्या मुली कशा होत्या याची कल्पना करावी. हाडांचे सापळे, अन्न दिसले की झडप घालणाऱ्या, भाषा एकीची एकीस न कळणारी, अक्षर कधी न पाहिलेल्या. कलकत्त्याच्या सभेने ह्यांची परीक्षा घेतली असती तर किती गुण मिळाले असते? बाईंनी अगोदर परीक्षा घेतली नाही. अगोदर जेवण दिले, मग झोप दिली, मग काम दिले. माग, तेलघाणा, गाईम्हशी, मळा, स्वयंपाकघर, शिवण आणि शाळा, असे सगळे एका आवारात होते; जिचे पाटीवर चित्त लागेना तिचे मागावर लागे, आणि मागावर धागा मोजता मोजता अंक तिच्या अंगवळणी पडत. वर्गावर पुरेशा शिक्षिका नव्हत्या, तेव्हा काल शिकलेली मुलगी आज दुसरीस शिकवू लागे. आंधळ्या मुलींस तर जगाने मोजण्याच्या यादीतच घेतले नव्हते. त्यांच्यासाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आणली, आणि बोटांच्या शेवटांनी त्या वाचू लागल्या.

बुद्धी मोजण्याची शास्त्रीय कसोटी निघाली तीही ह्याच काळात. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व सीमाँ यांनी ती केली, आणि पुढे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी तिची सुधारलेली आवृत्ती तयार केली. बिनेचा हेतू, कोणत्या मुलांस निराळी मदत हवी ते शोधण्याचा होता. एकदा मोजलेली बुद्धी जन्मभर तेवढीच राहते असे तो मानीत नसे. ही गोष्ट कसोटी वापरणारे पुष्कळ लोक विसरले. केडगावी तसली कसोटी नव्हती. तेथे प्रत्येक मुलीपुढे दहा कामे ठेवण्याची सोय होती, आणि पालकांनी घरी एवढे जरी केले तरी आम्हां शिक्षकांचे ओझे बरेच हलके होईल.

आयुष्याच्या उत्तरार्धात बाईंनी आणखी एक मोठे काम अंगावर घेतले. पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू व ग्रीक भाषांच्या अभ्यासास लागल्या आणि मूळ ग्रंथांवरून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर करू लागल्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृत शब्द खेड्यातील बाईस कळत नाहीत, हा त्यांचा आक्षेप होता. संस्कृताच्या बळावर जिने नाव मिळविले तिने संस्कृत शब्द निवडून निवडून बाहेर काढावे, आणि ते आपल्या सदनातील मुलींस समजावे म्हणून, ही गोष्ट लहान नव्हे. ऐकणाऱ्यास कळले नाही तर दोष त्याच्या डोक्याचा, असे बहुतेक विद्वान मानितात. बाईंनी तो आपल्या शब्दांत शोधला. त्यांची मराठी सर्वत्र ओघवती झाली आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मूळ शब्दास धरून राहण्याच्या आग्रहाने ती पुष्कळ ठिकाणी अडखळते.

१९२१ साली मनोरमाबाई वारल्या. कन्येमागून काही महिन्यांतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, बाईंनीही केडगावी देह ठेविला. भाषांतर तोपर्यंत हातावेगळे झाले होते. त्याची छपाई केडगावच्या छापखान्यातच झाली, आणि तेथे खिळे जुळविण्यापासून पाने शिवण्यापर्यंतचे काम सदनातील स्त्रियांनी केले. दुष्काळात झोळीत घालून आणावे तशा आणलेल्या मुली आता प्रौढ झाल्या होत्या; बाईंच्या मागे राहिलेली पाने त्यांनी छापून पुरी केली.