मॅकेन्झीच्या अपयशाची महानदी

कॅनडाच्या वायव्य प्रदेशात ग्रेट स्लेव्ह सरोवरातून निघून उत्तरेला आर्क्टिक महासागरात विलीन होणाऱ्या नदीची लांबी १,७३८ किलोमीटर आहे. उगमाकडील फिनले, पीस आणि स्लेव्ह या नद्या जमेस धरल्या, तर हा जलप्रवाह ४,२४१ किलोमीटरांचा होतो. वर्षातील बराच काळ ती गोठलेलीच असते. तिला ज्याचे नाव मिळाले, त्या अलेक्झांडर मॅकेन्झीला मात्र ती नको होती. त्याला हवा होता प्रशांत महासागर.

मॅकेन्झीचा जन्म १७६४ मध्ये स्कॉटलंडच्या लुईस बेटावरील स्टॉर्नोवे येथे झाला. बालपणीच आईचे छत्र हरपले. १७७४ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. पण अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर त्याची रवानगी मॉन्ट्रियलला झाली. तेथे किशोरवयातच तो फर व्यापाऱ्यांच्या पेढीवर नोकरीस लागला. पुढे ही पेढी नॉर्थ वेस्ट कंपनीत विलीन झाली आणि अथाबास्काच्या दुर्गम ठाण्यावर त्याची नेमणूक झाली.

या ठाण्यावरील ज्येष्ठ व्यापारी पीटर पाँड याची ठाम समजूत होती, की ग्रेट स्लेव्ह सरोवरातून निघणारी नदी पश्चिमेला वाहत जाऊन अलास्काच्या किनाऱ्यावर, कॅप्टन कुकने पाहिलेल्या खाडीत समुद्राला मिळते. हे खरे ठरते, तर फर थेट चीनच्या बाजारपेठेत धाडता येणार होती. (त्या सागरी व्यापारावर मक्तेदारी होती ती आपल्या चांगल्याच परिचयाच्या ईस्ट इंडिया कंपनीची!)

३ जून १७८९ रोजी पंचविशीतला मॅकेन्झी फोर्ट चिपेवायनहून झाडाच्या सालीच्या होड्यांतून निघाला. सोबत फ्रेंच कॅनेडियन नावाडी होते. त्यांच्यापैकी दोघांच्या बायकाही होत्या. ‘इंग्लिश चीफ’ या नावाने ओळखला जाणारा चिपेवायन नायकही होता. सरोवरावर जूनमध्येही बर्फ होता. महिनाअखेरीस नदी सापडली, काही दिवस पश्चिमेकडे गेलीही. पण डोंगररांगा समोर येताच तिने उत्तरेकडे वळण घेतले. पाँडचा नकाशा चुकला होता. तरीही मॅकेन्झी परतला नाही. जुलैच्या मध्यास मुखाजवळच्या एका बेटावर मुक्काम असताना रात्री पाणी चढले आणि सामान हलवावे लागले. ती समुद्राची भरती होती, हे ध्यानात यायला वेळ लागला. पाण्यात देवमासे दिसले. तेथे खांब रोवून त्यावर स्वतःचे नाव व अक्षांश कोरून तो माघारी वळला. १२ सप्टेंबरला, १०२ दिवसांनी, तो ठाण्यावर पोहोचला.

निराशेच्या भरात त्याने या नदीला ‘निराशेची नदी’ म्हटले, अशी कथा रूढ आहे. तिच्या सत्यतेविषयी मात्र अभ्यासकांना शंका आहे. एवढे खरे, की आपले खगोलशास्त्राचे ज्ञान तोकडे पडते हे त्याला उमगले. त्याने लंडन गाठून अध्ययन केले, उपकरणे खरेदी केली आणि पुन्हा मोहीम काढली. या वेळी तो पीस नदीवरून चढत गेला. गंमत अशी, की पीसचे पाणीही अखेर त्याच उत्तरवाहिनीला मिळते. जलविभाजकावरील अवघ्या ८१७ पावलांची वाट ओलांडल्यावरच तो तिच्या खोऱ्याबाहेर पडला. जुलै १७९३ मध्ये त्याने प्रशांत महासागराचा किनारा गाठला. १८०१ मध्ये त्याचे प्रवासवृत्त प्रसिद्ध झाले, १८०२ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. १२ मार्च १८२० रोजी स्कॉटलंडमध्ये त्याचे निधन झाले.

नदीला त्याचे नाव दिले ते जॉन फ्रँकलिनने, १८२५ च्या मोहिमेत. म्हणजे हा मान पाहायला मॅकेन्झी हयात नव्हता. अर्थात, नदी अनामिक कधीच नव्हती. काठावरचे डेने लोक तिला ‘डेहचो’ म्हणतात, तर मुखाकडील इनुव्हियालुइट लोक ‘कूकपाक’. दोन्हींचा अर्थ एकच, थोर नदी. आपण म्हणू, महानदी. मॅकेन्झीला वाट दाखवणाऱ्या स्थानिकांच्या तोंडी ही नावे त्याच्या आधीपासून होती आणि ती आजही आहेत.