रुग्णाला विसावा देणारी बाई : फ्लॉरेन्स नाइटिंगेल



१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा केला जातो. हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. आपल्यापैकी बहुतेकांना त्यांचे नाव शाळेपासून ठाऊक आहे. हातात दिवा घेऊन रात्रीच्या वेळी जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी बाई, हे चित्र डोळ्यांसमोर लगेच उभे राहते. चित्र खोटे नाही. पण त्या युद्धाच्या रुग्णालयांतील काम जेमतेम पावणेदोन वर्षांचे, आणि बाईंचे आयुष्य नव्वद वर्षांचे! त्यातील कितीतरी वर्षे तर त्या स्वतःच अंथरुणाला खिळलेल्या होत्या. आजाऱ्याला औषधाइतकीच शांतता, झोप आणि आराम यांची गरज असते, हे त्यांनी जगाला शिकवले आणि स्वतःच्या दुखण्यातही अनुभवले. आज त्यांची हीच बाजू पाहूया.

फ्लॉरेन्सचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला, म्हणून हे नाव. थोरली बहीण नेपल्सला जन्मली, तिला त्या गावाचे जुने ग्रीक नाव मिळाले, पार्थेनोपी. घराणे इंग्रज आणि गडगंज श्रीमंत. डर्बीशायरमध्ये एक घर, हॅम्पशायरमध्ये दुसरे. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास शिकवला. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी होती. त्या काळच्या श्रीमंत मुलीने शिकून करायचे काय, तर चांगले स्थळ पाहून लग्न! पण सोळाव्या वर्षी, १८३७ च्या फेब्रुवारीत, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे अशी तिची खात्री झाली. कोणती सेवा, हे उमगायला आणखी काही वर्षे गेली.

१८४५ साली तिने जवळच्या सॅलिसबरीच्या रुग्णालयात शुश्रूषेचे काम शिकायची परवानगी मागितली आणि घरात हलकल्लोळ माजला. त्या काळी रुग्णालयातली नर्स म्हणजे अडाणी, अनेकदा दारूच्या आहारी गेलेली बाई, असाच समज होता. भल्या घरच्या मुलीने तिथे पाऊल टाकणे म्हणजे कुळाला बट्टा. आई आणि बहीण यांची समजूत घालता घालता तिची अनेक वर्षे गेली. रिचर्ड मॉन्क्टन मिल्न्स या सुस्वभावी गृहस्थांची मागणीही तिने बऱ्याच वर्षांच्या विचाराने नाकारली. पहाटे उठून ती मेणबत्तीच्या उजेडात रुग्णालयांचे अहवाल वाचायची आणि मग न्याहारीला घरच्यांबरोबर बसायची. अखेर १८५१ साली तिला जर्मनीतील कायझर्सवेर्थ येथील संस्थेत सुमारे तीन महिने शिकायला मिळाले. तेव्हा ती ३१ वर्षांची होती.

इथून पुढे आपण त्यांना बाईच म्हणू, कारण १८५३ साली त्या लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका लहानशा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड लावून दिले, त्यामुळे पगाराचा प्रश्न नव्हता. तिथे त्यांनी काय केले पाहा. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी आणवले. रुग्णांचे जेवण वर चढवायला दोरीचा पाळणा बसवला. कोणत्या रुग्णाने घंटी वाजवली हे कळावे, अशी सोय केली. दिसायला या गोष्टी किरकोळ. पण नर्सचे जिने चढण्या-उतरण्यातले श्रम वाचले तर ती रुग्णापाशी थांबू शकते, हा सरळ हिशोब होता. बाईंचे सगळे काम या एका हिशोबावर उभे आहे.

१८५४ साली ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी इंग्रज सैनिकांचे हाल टाइम्स या वर्तमानपत्राने चव्हाट्यावर आणले आणि देश हळहळला. मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून ३८ स्त्रियांना बरोबर घेऊन बाई ऑक्टोबरमध्ये निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीला पोहोचल्या.

तिथली बराक म्हणजे साक्षात नरक. जमिनीवर ओळीने पडलेली माणसे, तुंबलेली गटारे, उंदीर, उवा, रक्ताने आणि घाणीने कडक झालेले कपडे. लष्करी डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. बाईंनीही वाद घातला नाही. डॉक्टर बोलावतील तेव्हाच कामाला हात लावायचा, असे आपल्या नर्सना बजावले. काही दिवसांतच जखमींची रीघ लागली आणि डॉक्टरांना बोलवावे लागले.

वेदनेच्या बाबतीत तो काळ फार कठोर होता. क्लोरोफॉर्मने भूल देता येते हे १८४७ पासून माहीत होते, पण सैन्याच्या वैद्यकीय प्रमुखांनी ते जपून वापरावे असे आपल्या डॉक्टरांना कळवले होते. एकाचा पाय कापला जात असताना शेजारचा आपली पाळी येण्याची वाट पाहत उघड्या डोळ्यांनी ते पाहायचा. बाईंनी मधे आडपडदा लावायची व्यवस्था केली. ज्याला वेदना थांबवता येत नाही, त्याने निदान भीती तरी कमी करावी! त्यांनी घर भाड्याने घेऊन तिथे पाणी तापवायचे हंडे बसवले आणि सैनिकांच्या बायकांना कपडे धुण्याचे काम दिले. अशक्त रुग्णांना गिळता येईल अशा खाण्यासाठी वेगळे स्वयंपाकघर काढले. मरणाऱ्यांच्या घरी पत्रे लिहिली, जगलेल्यांचा पगार घरी पोहोचवला.

आणि तो दिवा? रात्री आठनंतर इतर स्त्रियांना वॉर्डात जायला बाईंची मनाई होती, म्हणून शेवटची फेरी त्या स्वतः मारत. हातात असे तुर्की पद्धतीचा घडीचा कंदील, चित्रांत दाखवतात तशी समई नव्हे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. एवढे करूनही पहिल्या हिवाळ्यात स्कुटारीत माणसे मरतच राहिली. १८५५ च्या फेब्रुवारीत दाखल रुग्णांपैकी शेकडा सुमारे ४२ मृत्यू पावत होते. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. इमारतीखालची गटारे साफ झाली, मेलेली जनावरे हलवली, हवा खेळती झाली आणि जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले. युद्धानंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर आकडे तपासताना बाईंना या घसरणीचा अर्थ पुरता उमगला. प्रेमळ हात हवेतच, पण हवा, पाणी आणि गटार बिघडलेले असेल तर ते हात अपुरे पडतात. हे आकडे त्यांनी रंगीत आकृत्यांत मांडून सरकारपुढे ठेवले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री.

१८५५ च्या मे महिन्यात बालाक्लाव्हा येथे बाईंना कडक ताप आला. त्या मरता मरता वाचल्या, पण दुखणे पाठ सोडेना. १८५६ च्या ऑगस्टमध्ये सत्कार टाळण्यासाठी खोटे नाव घेऊन त्या गुपचूप घरी परतल्या. पुढच्या वर्षी प्रकृती पार ढासळली. पाठीच्या कण्यात असह्य कळा, धाप, निद्रानाश. तो ताप म्हणजे कच्च्या दुधातून पसरणारा ब्रुसेलोसिस असावा, असे आजच्या काही अभ्यासकांना वाटते. कारण काही असो, पुढची कितीतरी वर्षे बाईंनी खाटेवरून आणि कोचावरूनच काम केले. १८६० च्या दशकात दुखणे विकोपाला गेले तेव्हा डॉक्टरांनी त्वचेखाली अफूचे इंजेक्शन देण्याची नवी पद्धत वापरली. त्याने त्यांना दिवसभर तरी उसंत मिळे. सोबतीला मांजरे असत, एकीकडे कागदांचा ढीग, दुसरीकडे मांजराची पिल्ले!

याच काळात त्यांचे शुश्रूषेवरचे छोटे पुस्तक आले. १८५९ च्या अखेरीस निघालेले हे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ त्यांनी शिकाऊ नर्ससाठी लिहिले नव्हते. घरात आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या साध्या बायकांसाठी लिहिले होते. त्यातील काही गोष्टी आजही भिंतीवर लावाव्यात अशा आहेत.

त्यांच्या मते रुग्णाला सर्वांत जास्त छळतो तो निष्कारण आवाज. मोठा आवाज एक वेळ चालेल, पण दाराबाहेरची कुजबुज नको. आपल्याविषयीच बोलताहेत, या धास्तीने रुग्ण कान टवकारून पडून राहतो. नुकता डोळा लागलेल्या रुग्णाला उठवणे तर महापाप. काही तास झोपून जागा झालेला पुन्हा झोपतो, पण पहिल्याच झोपेतून उठवलेल्याची झोप उडते ती उडतेच, आणि वेदना दुणावते. खाटेवर बसू नका, टेकू नका, तिला धक्का लावू नका. रुग्णाला मान वळवावी लागणार नाही अशा जागी समोर बसा. घाई दाखवू नका. खाट अशी ठेवा की खिडकीतून बाहेरचे दिसेल. फुले आणि रंग यांनी मनालाच नव्हे तर शरीरालाही बरे वाटते. न खाल्लेले ताट उशाशी ठेवू नका, ते पाहूनच भूक मरते. पहाटेकडे पाय गार पडतात का ते पाहा. दीर्घ आजारात एखादा पाळीव प्राणी उत्तम सोबती ठरतो.

आणि सर्वांत मार्मिक प्रकरण भेटायला येणाऱ्यांविषयी आहे! काही होणार नाही, लवकर बरे व्हाल, असा पोकळ धीर देणारे आणि अमुक औषध घ्या, तमुक डॉक्टर बदला, असे सल्ले देणारे, या दोघांवरही बाई तुटून पडल्या आहेत. रुग्णाला आपले दुखणे कोणी ऐकून घ्यावे असे वाटते, आणि या पोकळ धीराने त्याचे तोंडच बंद होते. त्यापेक्षा त्याला बाहेरच्या चार चांगल्या बातम्या सांगा, कोणाचे काही शुभ झाले ते सांगा, असे त्या सुचवतात.

१८६० साली जनतेने जमवलेल्या सुमारे ४५,००० पौंडांच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. तिथून शिकून निघालेल्या स्त्रिया देशोदेशी गेल्या आणि नर्सिंग हा मानाचा व्यवसाय झाला.

बाईंचा हिंदुस्थानाशीही जवळचा संबंध आला, जरी त्या तिथे कधीच गेल्या नाहीत. तिथल्या इंग्रज सैन्याच्या आरोग्यासाठी १८५९ साली नेमलेल्या आयोगाचे बरेचसे काम त्यांनी अंथरुणावरून केले. छावण्या-छावण्यांतून आलेली उत्तरे वाचून त्यांचा सारांश काढला. त्या सैन्यात वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत, ते १८७३ पर्यंत हजारी १८ वर आले. पुढे त्यांचे लक्ष सैन्यावरून सामान्य रयतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, खेड्यांतील स्वच्छता यांवर त्यांनी खूप लिहिले. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ च्या इंग्रजी चरित्राला प्रस्तावना बाईंचीच आहे.

उतारवयात दृष्टी गेली, स्मृतीही मंदावली. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनच्या घरी झोपेतच त्यांचे प्राण गेले. ज्या बाईंनी आयुष्यभर इतरांच्या झोपेची राखण केली, त्यांना मरण झोपेतच यावे! वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्याचा मान घरच्यांनी नम्रपणे नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या खेड्यात कुटुंबाच्या थडग्यावर त्यांच्या नावाची फक्त आद्याक्षरे आणि दोन तारखा आहेत.

मंडळी, आजारी माणसाला बघायला जाणे हा आपल्याकडे रिवाज आहे आणि त्यामागे मायाच असते. पण खाटेभोवती दहा जण, प्रत्येकाचा वेगळा सल्ला आणि दारात कुजबुज, हे चित्रही आपल्या ओळखीचे आहे. दूरदेशी राहणाऱ्या आपल्याला तर आणखी एक पेच असतो. तिकडे आई किंवा वडील आजारी असतात, आपण हाताशी नसतो, आणि ती हुरहूर आपण फोनवरून सल्ल्यांचा भडिमार करून भरून काढतो. रात्री-अपरात्री फोन करून त्यांची नुकती लागलेली झोप मोडतो. पुढच्या वेळी फोन लावण्याआधी तिकडे किती वाजले ते पाहूया. सल्ला बाजूला ठेवून रात्री झोप लागली का, कुठे दुखते आहे, एवढेच विचारूया, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकूया. मग नातवंडांची एखादी गंमत सांगूया.

आपल्या अनेक घरांतील मुली, सुना आणि आता मुलगेही इथल्या रुग्णालयांत रात्रपाळ्या करतात. या १२ मे रोजी त्यांना आवर्जून शुभेच्छा द्या. पण रात्रपाळी करून आल्या असतील, तर आधी त्यांची झोप होऊ द्या!