चार प्रयत्न पाण्यात गेले, पाचव्यात या कागदाच्या व्यापाऱ्याने दोन खंड तारेने जोडले

अमेरिकेत शिकायला गेलेल्या पोराला आपण इथून व्हिडिओ कॉल लावतो तेव्हा तो सॅटेलाइटवरून जातो, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण देशादेशांमधला जवळपास सगळा डेटा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जातो. आज त्या केबलसाठी मोठमोठ्या कंपन्या पैसे लावतात. पण पहिल्यांदा खंडाखंडांत केबल टाकायची म्हटल्यावर पैसे कोणी आणले?

त्यासाठी दारोदार फिरलेल्या माणसाचं नाव सायरस फील्ड. ना इंजिनियर, ना शास्त्रज्ञ. न्यूयॉर्कमधला कागदाचा व्यापारी.

३० नोव्हेंबर १८१९ ला मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिज गावात त्याचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक. पंधराव्या वर्षी पोरगं न्यूयॉर्कला एका कापडाच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागलं. पुढे तो कागदाच्या धंद्यात पडला. ज्या पेढीत भागीदार होता ती बुडाली. कायद्याने हिशेब मिटला होता, तरी हातात पैसा आल्यावर त्याने जुन्या देणेकऱ्यांचे पैसे चुकते केले. पुढे भांडवलदारांचे दरवाजे ठोठावताना ही पत त्याच्या कामी आली.

तिशी नुकतीच ओलांडली होती तोवर गडी श्रीमंत झाला. आता निवांत बसायचं, तर १८५४ मध्ये गिझबोर्न नावाचा एक इंजिनियर त्याच्याकडे आला. त्याला न्यूफाउंडलँड बेटावर तारेची लाइन टाकायची होती आणि त्याचे पैसे संपले होते. फील्डच्या डोक्यात वेगळंच आलं. बेटापर्यंतच कशाला, थेट आयर्लंडपर्यंत तार नेली तर?

तेव्हा अटलांटिकपलीकडची बातमी जहाजानेच यायची, त्यात दहा-बारा दिवस सहज जायचे. फील्डने पीटर कूपरसारख्या श्रीमंत शेजाऱ्यांना सोबत घेऊन कंपनी काढली. न्यूफाउंडलँडच्या जंगलातून लाइन टाकतानाच घाम फुटला. खऱ्या समुद्रासाठी तर न्यूयॉर्कचा पैसा पुरणारच नव्हता.

मग त्याने लंडन गाठलं. १८५६ मध्ये अटलांटिक टेलिग्राफ कंपनी उभी राहिली. भांडवल साडेतीन लाख पौंड, एकेक शेअर हजार पौंडांचा. चौथा हिस्सा फील्डने स्वतः उचलला. ब्रिटिश सरकारने तारा पाठवण्यापोटी वर्षाला १४ हजार पौंड द्यायचं कबूल केलं. म्हणजे भांडवलावर चार टक्के, केबल पडण्याआधीच ठरलेले. आजही केबल पूर्ण व्हायच्या आधी तिची क्षमता विकून ठेवतात, गणित तेच. अमेरिकेच्या सिनेटमध्ये मात्र हा प्रस्ताव जेमतेम एका मताने तरला.

ऑगस्ट १८५७ मध्ये पहिली मोहीम निघाली आणि केबल तुटली. त्याच वर्षी अमेरिकेत मंदी आली, फील्डचा कागदाचा धंदाही अडचणीत सापडला. जून १८५८ ची दुसरी मोहीमही फसली. संचालकांतल्या काहींनी गाशा गुंडाळायचा सल्ला दिला. तरी तिसरी मोहीम निघाली आणि ५ ऑगस्टला दोन्ही किनारे जोडले गेले.

राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जायला १६ तास लागले. तरी न्यूयॉर्कमध्ये दिवाळी झाली, आतषबाजीत सिटी हॉलच्या घुमटालाच आग लागली. केबलचा फायदाही लगेच दिसला आणि त्याचा संबंध थेट आपल्याशी होता. १८५७ चा उठाव मोडण्यासाठी कॅनडातल्या दोन ब्रिटिश पलटणींना निघायचा हुकूम गेला होता. दरम्यान त्यांची गरज उरली नाही. हुकूम रद्द केल्याची तार वेळेत पोचली आणि सरकारचे सुमारे ५० हजार पौंड वाचले.

पण सिग्नल क्षीण होता. व्हाइटहाउस या कंपनीच्या विद्युततज्ज्ञाने त्यात भरमसाट दाबाची वीज सोडली. आतलं गटापर्चाचं आवरण निकामी झालं आणि तीन आठवड्यांत केबल मुकी झाली. कालपर्यंत फील्डला डोक्यावर घेणारेच आता म्हणू लागले की केबल कधी चाललीच नव्हती, सगळा बनाव होता.

त्यानंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. फील्ड मात्र लंडनच्या वाऱ्या करत राहिला. १८६५ मध्ये ग्रेट ईस्टर्न हे तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं जहाज मिळालं. केबल जमली तरच मोबदला, तोही शेअर्समध्ये, अशी जहाजवाल्यांची अट होती. या खेपेला सुमारे १२०० मैल केबल टाकून झाली आणि ती तुटली. चौथा प्रयत्नही गेला.

आता नवे शेअर काढायचे, तर संसदेच्या परवानगीशिवाय ते बेकायदा ठरतील असं वकिलांनी सांगितलं. तेवढं थांबायला वेळ नव्हता. मग सहा लाख पौंडांची वेगळीच कंपनी काढून पैसा उभा केला. २७ जुलै १८६६ ला केबल न्यूफाउंडलँडच्या हार्ट्स कंटेंट गावी लागली. एवढ्यावर न थांबता आदल्या वर्षी तुटलेली केबल तळातून गळाने वर काढून तीही पूर्ण केली. २० शब्दांना २० पौंड असा दर होता, तरी लोक पाठवत होते.

चारच वर्षांनी, १८७० मध्ये, याच ग्रेट ईस्टर्नने मुंबई ते एडन केबल टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली.

फील्डने पुढे न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेत पैसा घातला. १८८७ मध्ये त्याच शेअर्सचे भाव कोसळले आणि त्याची बहुतेक संपत्ती गेली. १२ जुलै १८९२ ला तो वारला, तेव्हा तो श्रीमंत उरला नव्हता. अटलांटिकखालून तारा मात्र रोज ये-जा करत होत्या.